आशाताईची विचारपूस

भाजी निवडत असाल, भांडी घासत असाल, तर हात चालू द्या. कान तेवढा इकडे द्या.

आज आपल्या आशाताईबद्दल बोलायचंय. तिच्या संपाच्या, मोबदल्याच्या बातम्या आपण ऐकतो. मी तिच्या मनाबद्दल बोलणार आहे. मोबदल्याचा विषय त्यात येईलच, कारण तो टाळून मनाचं बोलताच येत नाही.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हापासून गावोगावी आशा आल्या. साधारण हजार वस्तीमागे एक. आज देशात त्या दहा लाखांच्या आसपास आहेत. आशा त्याच गावात राहणारी बाई असावी, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे, कारण आपण तिच्याजवळ मोकळं बोलतो. पण डॉक्टरसाहेब ड्यूटी संपली की घरी जातात, आणि आशाताईचं घर गावातच असतं. ज्या घरातलं बाळ दगावलं, त्याच घरापुढून तिला रोज गिरणीला आणि दुकानाला जावं लागतं.

दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती घरी येते. वजन करते, ताप बघते, बाळ दूध नीट ओढतंय का ते पाहते. दीड महिन्यात ते बाळ तिच्याही ओळखीचं होतं. असं एखादं बाळ गेलं तर वर खबर तिनंच द्यायची. मग आरोग्य केंद्रातून माणसं येतात. भेट कधी दिली? वजन किती होतं? रजिस्टर दाखवा. ही चौकशी हवीच, पुढचं बाळ वाचावं म्हणूनच ती असते. पण त्या कागदावर आशाताईला रात्री झोप लागते का, असा रकाना नसतो.

आमच्या एका गटात अशी एक आशाताई सभासद आहे. नाव सांगत नाही, आणि तिला विचारूनच हे सांगतेय. एरवी हिशेबात पाच रुपये चुकले तरी पकडणारी बाई. पण दोन महिने नुसती यायची, बचत भरायची, सही करायची आणि निघायची. एका बैठकीत गटाच्या सचिवानं विचारलं, "ताई, बरं नाही का?" तर म्हणाली, "त्या घरावरून जाताना पाय उचलत नाही गं." एवढंच बोलली. त्या दिवशी गटानं कर्जाचा विषय पुढच्या आठवड्यावर ढकलला आणि बायका बसून राहिल्या. "विसरून जा", "देवाची इच्छा" असलं कुणी काही बोललं नाही, हे मला फार आवडलं. एकजण एवढंच म्हणाली, "त्या गल्लीत जायचं असलं की मला हाक मार, मी येते बरोबर." आणि ती खरंच जात राहिली.

मोठे समुपदेशक गावात येतील तेव्हा येतील. हे मात्र आपल्याला आज करता येतं.

कोरोनात, २०२० साली, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत याच बाया ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. काही दारं त्यांच्या तोंडावर बंद झाली. घरी लहान लेकरं, म्हातारी सासू, आणि आपणच आजार आत आणू ही भीती. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. आनंदच झाला. पण भीती अशी गौरवानं निघून जात नाही.

याच संघटनेनं २०१९ मध्ये कामाच्या ताणानं माणूस आतून थकून जाण्याबद्दल मांडणी केली. अंगात त्राण न उरणं, कामाचा वीट येणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. त्याचं मूळ त्यांनी कामाच्या ठिकाणच्या न आटपलेल्या ताणात सांगितलं आहे, बाईच्या स्वभावात नाही. म्हणून नुसतं "सकारात्मक राहा, प्राणायाम करा" म्हटलं की मला जरा रागच येतो. प्राणायाम चांगलाच आहे. पण जिचा मोबदला थकलाय आणि किराणावाला दारात उभा आहे, तिला आधी पैसे मिळायला हवेत. तिथं ग्रामसंघानं ठराव करावा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र द्यावं. एकट्या आशाताईच्या अर्जापेक्षा दीडशे बायांच्या सह्यांना वजन असतं.

दुसरं आपल्या तोंडाचं. केंद्रात औषध संपलं, १०८ उशिरा आली, डॉक्टर जागेवर नव्हते, की शिव्या आशाताईला. का, तर ती हाताशी सापडते. तक्रार जरूर करा, पण वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे करा, ग्रामसभेत करा. आणि रात्री कळा सुरू झाल्या तर तिला खुशाल उठवा. आयुष्मान कार्डाची चौकशी मात्र सकाळपर्यंत थांबू शकते, नाही का?

आता जपून ऐका. झोप नाही, जेवण नाही, सारखं रडू किंवा चिडचिड, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते नुसत्या गप्पांनी भागणारं नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर असतात. पण जिथं आपण काम करतो त्याच आरोग्य खात्यात पेशंट म्हणून रांगेत उभं राहायला आशाताई, सिस्टर लाजतात. "आशालाच वेड लागलं" असं गाव म्हणेल ही धास्ती असते. त्यांच्यासाठी फोन बरा. टेली-मानस, नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं. "जगून काय करू" असं कुणी बोललं तर तिला एकटीला सोडू नका, तिच्याजवळ बसूनच फोन लावा.

आणि बैठकीत ऐकलेलं बैठकीतच ठेवा. पाणवठ्यावर गेलं की संपलं, ती पुन्हा तोंड उघडायची नाही.

दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आलं की आपण लोहाच्या गोळ्या आणि हात धुणं यावर बोलतो. या आठवड्यात तिथं दहा मिनिटं आशाताईला द्या. ती सभासद नसली तरी बोलवा, चहा द्या, आणि त्या दहा मिनिटांत तिच्याकडे कुठलंही काम सांगू नका. नंबर पुन्हा सांगते, १४४१६. गटाच्या इतिवृत्त वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. येते मी. नमस्कार.