वेदीवर ठेवले ते कोणाचे?



 जेवणाची वेळ जवळ आली आहे, आणि माझा विषयही अर्धाअधिक जेवणाचाच आहे.

मराठी ख्रिस्ती लेखकांनी बजबजला का जमावे, असे काहींनी विचारले. हुगळीच्या याच काठाने वर जा, कोलकाता ओलांडा, की पलीकडच्या तीरावर श्रीरामपूर लागते. तिथल्या मिशनच्या छापखान्यातून विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण काढले, १८११ साली नवा करार आणि पुढे जुना करारही. म्हणजे त्यातले लेवीय हे पुस्तक मराठीत छापून निघाले ते या नदीकाठी. आपल्या मंडळ्यांत मात्र त्याच्याइतके न वाचलेले पुस्तक दुसरे नसेल. नव्या वर्षी सबंध पवित्र शास्त्र वाचायचा संकल्प करणारी माणसे उत्पत्ती आणि निर्गम झपाट्याने उरकतात आणि लेवीयात त्यांचा पाय रुततो. चरबी, गुरदे, रक्त, राख! खरे तर कोलकात्यात राहणाऱ्याला हे परके वाटू नये. कालीघाटला बोकड कापला जातो आणि प्रसादाचे मटण कांदा-लसणाशिवाय शिजते, हे इथल्या पोरालाही ठाऊक असते. आपल्याकडच्या जत्राही काही फार वेगळ्या नाहीत. नाक मुरडतो तो आपला शहरी ख्रिस्ती वाचक.

त्या पुस्तकाच्या पहिल्या सात अध्यायांत पाच अर्पणे सांगितली आहेत: होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण. पाचांचा तपशील मी सांगत बसणार नाही. पण काही बारकावे पाहा. होमार्पणाचे जनावर आणणाऱ्याने स्वतःच्या कळपातले आणायचे, त्याच्या डोक्यावर स्वतःचा हात ठेवायचा आणि सुरीही स्वतःच चालवायची. याजकाचे काम त्यानंतर, रक्तापासून सुरू होते. पापार्पणाला मेंढी परवडत नसेल तर दोन पारवे चालत, तेही जमत नसतील तर एफाचा दहावा हिस्सा सपीठ, म्हणजे साधारण दोन किलोच्या आत-बाहेर. त्यावर तेल नको, धूप नको. पिठाने पापक्षालन होते असे म्हणणाऱ्या धर्माला रक्तपिपासू म्हणणे मला जमत नाही. येशूच्या जन्मानंतर मरियेने मंदिरात काय वाहिले, हे लूकने मुद्दाम नोंदवून ठेवले आहे: पक्ष्यांची जोडी. गरिबांची सवलत त्या घराने घेतली होती.

माझे आवडते अर्पण मात्र शांत्यर्पणातले उपकारस्तुतीचे. संकटातून सुटलेला माणूस जनावर आणतो. चरबी वेदीवर जाते, छाती आणि उजवी मांडी याजकांना, उरलेले सगळे मांस त्याच्या घरी. अट एकच: ते त्याच दिवशी संपले पाहिजे, सकाळपर्यंत काही ठेवायचे नाही. आता एक कुटुंब एका दिवसात सबंध मेंढा कसा संपवणार? शेजाऱ्यांना बोलवावेच लागते. कायद्यात आमंत्रणाचा शब्द नाही, पण आमंत्रणावाचून कायदा पाळताच येत नाही. साठवण बंद केली की पंगत आपोआप बसते.

इ.स. ७० मध्ये रोमन फौजेने यरुशलेमचे मंदिर पाडले आणि ही अर्पणे थांबली. पंगत तेवढी टिकली, आणि ती कुठे सापडावी तर कोकणात. अलिबागच्या परिसरातले बेने इस्राएल यहुदी, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, ते आजही मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गोडासाठी साखर किंवा गूळ, वेलदोडा, भोवती फळे. नवस फिटला, लग्न ठरले, आजारी माणूस उठून बसला, की एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, नाव घेऊन ताट मांडायचे, आशीर्वाद म्हणायचे आणि सगळ्यांनी खायचे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलिया येऊन गेला, अशी त्यांची श्रद्धा आहे. या ताटात लेवीयातल्या अन्नार्पणाची खूण पाहणारे अभ्यासक आहेत. मला ते पटते. आपण ख्रिस्ती लोक जुना करार आपला म्हणून छातीशी धरतो, पण आपल्याच भाषेत त्याचे एक अर्पण अजून ताटात वाढले जाते, याची आपल्या लेखकांनी किती दखल घेतली? हा माझा एक राग आहे, तो इथे बोलून टाकतो.

आता मूळ मुद्दा. अर्पणाविषयी बायबलमध्ये सर्वांत कडक भाषा वापरली जाते ती अर्पण थोडके आहे म्हणून नव्हे, दुसऱ्याचे आहे म्हणून. मोलख या दैवताला पोटचे पोर देणे लेवीयाने मृत्युदंडाचे ठरवले. आमोस, यशया, मीखा हे संदेष्टे होमाच्या धुरावर संतापतात, कारण तो धूर लुबाडलेल्या गरिबाच्या धान्याचा आहे. अरवनाचे खळे राजाला फुकट मिळत होते, तरी दाविदाने ते पैसे मोजून घेतले आणि मगच तिथे वेदी बांधली. येशू परूश्यांवर तुटून पडला तोही याच कलमावर. आईबापाला द्यायचा पैसा देवाला 'कुर्बान' केला असे जाहीर करायचे आणि म्हाताऱ्यांना उपाशी ठेवायचे, ही सोय त्याने उघडी पाडली.

बजबजला उभे राहून हे बोलताना एक गोष्ट टाळता येत नाही. व्हँकुव्हरच्या बंदरातून परत पाठवलेले कोमागाता मारू जहाज २९ सप्टेंबर १९१४ रोजी इथे लागले. उतारूंना खास गाडीत कोंबून पंजाबात धाडायचा सरकारचा बेत होता. त्यांनी तो मानला नाही, ते कोलकात्याकडे चालू लागले, अडवले गेले, आणि गोळीबारात सुमारे वीस जण मारले गेले. इथले स्मारक आपण पाहतो आणि 'बलिदान' म्हणतो. आदराने म्हणतो, ते ठीकच. पण त्या माणसांनी आपले प्राण कुठे वाहिले होते? ते कोलकात्याला जायला निघाले होते. बंदुकीचा घोडा दुसऱ्याने ओढला. ज्याने मारले त्याचे नाव बलिदान या शब्दाआड सहज दडते, आणि सत्तेला हे दडणे फार सोयीचे असते.

ख्रिस्ती धर्माने वधस्तंभाला अर्पण म्हटले, तेव्हा हाच धोका होता. इब्री लोकांस पत्र सांगते की हे अर्पण एकदाच आणि सर्वांसाठी झाले. पण मतांगीकारात मंडळीने पंतय पिलाताचे नाव ठेवलेच. दर रविवारी आपण एका रोमन सुभेदाराचे नाव घेतो. येशूने स्वतःला दिले हे खरे, आणि एका सरकारने त्याला मारले हेही खरे. पहिल्याने दुसरे पुसले जाऊ दिले नाही, हे मला आपल्या पूर्वजांचे मोठे शहाणपण वाटते.

आता घरात येऊ. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलगा दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाने दिवस काढत होत्या. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ मांडला. आपण या त्यागाचे गोडवे गातो, आणि टिळक होतेच तसे. पण 'स्मृतिचित्रे' वाचा. टिळकांच्या हातातला पैसा घरापर्यंत पोहोचेलच असे नसे, आणि चूल मात्र रोज पेटवावी लागे. लक्ष्मीबाई ते हसत लिहितात. त्या हसण्यात नवऱ्यावरची माया आहे आणि हिशेबही आहे. टिळकांनी दिले त्यातला बराच वाटा लक्ष्मीबाईंचा होता, आणि त्या वेदीपाशी त्यांना विचारले गेलेच होते असे नाही.

पंडिता रमाबाईंनी तर हे बालपणीच भोगले. त्यांच्या आईवडिलांनी होते ते द्रव्य दानधर्मात आणि पुण्यकर्मांत संपवले, आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात दोघेही उपासमारीने गेले. १८७८ साली कोलकात्याने जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले ती बाई ही भूक मागे टाकून आली होती. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात तिने मध्य प्रांतातून मुली गोळा करून आणल्या, आधी त्यांना खाऊ घातले आणि केडगावच्या आपल्या मुक्तिसदनात छापखान्याचे काम शिकवले. तिच्या मराठी बायबलाच्या छपाईत त्या मुलींचे हात लागले. पौलाने रोमकरांना जिवंत यज्ञ व्हा असे लिहिले, त्याचा मला समजलेला अर्थ या मुक्तिसदनाच्या स्वयंपाकघरात आहे. आणि तोच पौल फिलिप्पैकरांना लिहितो, तेव्हा तुरुंगात पोहोचवलेल्या मदतीला तो देवाला आवडणारे अर्पण म्हणतो.

आपल्या लेखकांपुढे म्हणून दोन कामे ठेवतो. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ पासून निघते आहे. जुन्या पाळकांच्या आणि प्रचारकांच्या निधनवार्ता काढून बसा. जिथे जिथे 'आयुष्य प्रभुकार्याला वाहिले' असे असेल, तिथे त्या घरातल्या बायकोमुलांनी काय सोसले ते शोधा, हयात नातवंडांकडून लिहून घ्या. बढती नाकारलेल्या पाळकाइतकीच शाळा सुटलेल्या मुलीची नोंद व्हावी. दुसरे, बेने इस्राएल घरांतून मलिद्याच्या वेळी म्हटले जाणारे जे काही मराठीत आहे ते त्यांच्या परवानगीने, त्यांच्याच नावावर उतरवून घ्या. दुपारच्या सत्रात या दोन्हींवर चर्चा ठेवली आहे. पटले नाही तर तिथे खुशाल भांडा. आता मात्र पंगत बसू द्या.