इंग्रजी नावांची कुळकथा

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या मराठी ग्रंथालयाच्या संदर्भविभागात एक जाडजूड ग्रंथ सहसा असतोच. तो म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली, दुसरी १८५७ साली. मराठी शब्दांचे अर्थ शोधण्यासाठी त्याची पाने पिढ्यान्‌पिढ्या उलटली गेली. परंतु खुद्द कोशकाराच्या नावाचा अर्थ काय, हा प्रश्न क्वचितच कोणाला पडला असेल.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ. यांतील 'जेम्स' हे मूळचे हिब्रू 'याकोब'. ग्रीक, लॅटिन आणि फ्रेंच अशी मजल दरमजल करीत ते इंग्लंडात पोचले आणि वाटेत ओळखू न येण्याइतके बदलले. 'थॉमस' हा अरमाईक भाषेतील शब्द. त्याचा अर्थ 'जुळा'. 'मोल्सवर्थ' हे हंटिंग्डनशायर परगण्यातील एका खेड्याचे नाव. त्यातील 'वर्थ' म्हणजे कुंपणाने वेढलेले आवार. एका इंग्रज माणसाच्या नावात पॅलेस्टाइनच्या दोन भाषा आणि इंग्लंडातील एका शेतकऱ्याचे कुंपण अशी तिन्ही एकत्र नांदतात. इंग्रजी नावे समजून घ्यायची म्हणजे असे एकेक पदर उलगडावे लागतात.

अँग्लो-सॅक्सन काळी इंग्लंडात माणसाला सामान्यत: एकच नाव असे, आणि पुष्कळदा ते दोन पदांचा समास असे. 'एडवर्ड' म्हणजे समृद्धीचा रक्षक, 'एडविन' म्हणजे समृद्धीचा मित्र, 'आल्फ्रेड' म्हणजे ज्याला यक्षयोनीची मसलत लाभते असा. संस्कृतातील 'वसुमित्र' हे नाव 'एडविन'शेजारी ठेवले, तर दोहोंची घडण एकच आहे हे सहज ध्यानात येते. हा योगायोग नव्हे. इंडो-युरोपीय भाषाकुलाचा तो समाईक वारसा आहे.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि राज्याबरोबर नावेही पालटली. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री ही जेत्यांची नावे काही पिढ्यांतच जितांच्या घरोघरी रुजली. त्यांच्या जोडीला बायबलातील व संतांची नावे आली. ११७० साली कँटरबरीच्या प्रार्थनामंदिरात आर्चबिशप थॉमस बेकेट यांची हत्या झाली, आणि त्यानंतर 'थॉमस' हे नाव इंग्लंडभर झाले. जुन्या नावांपैकी 'एडवर्ड' टिकले ते प्रामुख्याने संतपदी पोचलेल्या राजाच्या पुण्याईने.

परिणाम असा झाला, की मोजकी नावे पुष्कळ माणसांत वाटली गेली. एकाच गावात चार जॉन आणि तीन विल्यम असतील तर हाक कशी मारायची? ही अडचण शेजाऱ्यांनी सोडविली. कोणी धंद्यावरून ओळखला गेला, कोणी बापावरून, कोणी राहत्या जागेवरून, तर कोणी अंगच्या खोडीवरून. इंग्रजी आडनावांचे हे चार प्रमुख उगम होत. कुलकर्णी-देशपांडे ही वृत्तिवाचक आणि गावाच्या नावाला 'कर' लावून झालेली आडनावे ज्यांच्या नित्य परिचयाची, त्यांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

धंद्याची नावे तर एका बुडालेल्या जगाची यादीच आहे. स्मिथ हा लोहार व टेलर हा शिंपी हे उघडच आहे. पण नव्याने विणलेले लोकरीचे कापड पाण्यात तुडवून घट्ट करणारा कारागीर आग्नेय इंग्लंडात 'फुलर', नैर्ऋत्येस 'टकर' आणि उत्तरेकडे 'वॉकर' म्हणविला जाई. हा धंदा यंत्राने गिळला, तरी तीन प्रांतांच्या तीन बोली तीन आडनावांत शाबूत राहिल्या. 'फ्लेचर' बाण तयार करणारा, 'वेनराइट' गाडे बांधणारा. कवी चॉसर याचे आडनाव पायमोजे व पादत्राणे करणाऱ्याचे.

बापावरून पडलेल्या नावांत मराठी वाचकाला चकविणारी जागा म्हणजे लाडकी नावे. रॉबर्टचे रॉब, हॉब आणि डॉब झाले. त्यांपासून रॉबिन्सन, हॉब्ज, डॉब्सन निघाले. रिचर्डचे डिक आणि हिक झाले. त्यांपासून डिकन्स, डिक्सन, हिक्स झाले. कादंबरीकार डिकन्स आणि तत्त्वज्ञ हॉब्ज यांच्या गंभीर नावांमागे कोणा आईने अंगणातून मारलेली हाक दडलेली आहे. वेल्सच्या भाषेत 'आप' म्हणजे पुत्र. म्हणून 'आप रिचर्ड'चे 'प्रिचर्ड' आणि 'आप ऱ्हिस'चे 'प्राइस' झाले.

स्थळावरून 'न्यूटन' म्हणजे नवे गाव, 'बायरन' म्हणजे गोठ्यांपाशी राहणारा. टोपणनावांत शेजाऱ्यांची जीभ अधिक तिखट झाली. स्कॉटलंडातील 'कॅम्बेल' म्हणजे वाकड्या तोंडाचा आणि 'कॅमेरॉन' म्हणजे वाकड्या नाकाचा. पुढे हीच नावे बलाढ्य घराण्यांची बिरुदे झाली.

शेजाऱ्याने दिलेले हे नाव माणसाबरोबरच संपत असे. ते वंशपरंपरेने चालू लागले, ते मालमत्तेच्या वारशामुळे आणि कारकुनाच्या दौतीमुळे. १३७७, १३७९ आणि १३८१ साली डोईपट्टी बसली, तेव्हा माणसांची नावे यादीत चढली. सुमारे १४००पर्यंत बहुतेक इंग्रज कुटुंबांना स्थिर आडनावे आली होती. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेने प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या सुरू झाल्या. मग बेकरचा मुलगा सुतार झाला तरी बेकरच राहिला. जे वर्णन होते, ते चिन्ह झाले. तथापि वर्णलेखन पुढेही सैलच राहिले. शेक्सपिअरच्या ज्या सहा सह्या अस्सल मानल्या जातात, त्यांतही आडनावाचे लेखन एकसारखे नाही.

या नोंदींत स्त्रियांचे काय झाले? मॅरियट हे आडनाव 'मेरी'वरून, एमट हे 'एमा'वरून, टिलट्सन हे 'मटिल्डा'वरून आले आहे. म्हणजे आईच्या नावाने ओळखली जाणारी कुटुंबेही होती. 'वेबस्टर' आणि 'बॅक्स्टर' यांतील 'स्टर' हा प्रत्यय मुळात स्त्रीवाचक. कोशकार नोआ वेबस्टरच्या आडनावाच्या मुळाशी असा विणकरणीचा शब्द आहे. परंतु पुढे नाव पित्याचे आणि पतीचेच चालले. इंग्रज वधूचे आडनाव गेले. मराठी वधूचे तर रूढीने पाळण्यातले नावही गेले. १८४६ साली ब्राँटी भगिनींनी आपला कवितासंग्रह प्रसिद्ध केला, तो करर, एलिस आणि अ‍ॅक्टन बेल या, स्त्रीत्व झाकणाऱ्या नावांनी. लेखिकेला छापील पानावर येण्यासाठी स्वत:चे नाव बाहेर ठेवावे लागले.

तथापि पुस्तकांनी नावे लपविली, तशी दिलीही. 'पामेला' हे नाव फिलिप सिडनीच्या कल्पनेतून आले आणि रिचर्डसनच्या १७४०च्या कादंबरीने प्रसिद्धीस चढले. 'व्हेनेसा' हे स्विफ्टने घडविले. याहून मोठी कथा अमेरिकेतील एका गुलामाची आहे.

मेरीलँडमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक बेलीला लहानपणी मालकीण अक्षरे शिकवू लागली, तेव्हा मालकाने ते शिक्षण बंद पाडले. मुलगा चोरून वाचावयास शिकला. १८३८ साली तो पळून उत्तरेकडील न्यू बेडफर्ड येथे पोचला. पकडले जाण्याच्या भयाने आडनाव बदलणे भाग होते. ज्याच्या घरी आसरा मिळाला, त्या गृहस्थाने नुकतेच वॉल्टर स्कॉटचे 'द लेडी ऑफ द लेक' हे काव्य वाचले होते. त्यातील नायिकेच्या पित्याचे आडनाव त्याने सुचविले. 'फ्रेडरिक' मात्र त्या तरुणाने सोडले नाही. आपण कोण आहो याची तेवढी खूण त्याला राखावयाची होती. अशा रीतीने गुलामगिरीविरुद्ध जगभर आवाज उठविणारा फ्रेडरिक डग्लस हा थोर वक्ता व लेखक नावारूपास आला. 'डग्लस' म्हणजे गेलिक भाषेत काळसर पाण्याचा ओढा. स्कॉटलंडातील तो ओढा आणि मेरीलँडमधील ते शेतमळे यांचा संबंध जोडला तो एका वाचलेल्या पुस्तकाने.

शेजाऱ्याने हाक मारली, कारकुनाने ती लिहून ठेवली आणि पिढ्यांनी ती निमूटपणे वाहिली, असा नावांचा सर्वसाधारण इतिहास आहे. ज्याला वाचू देण्याचे नाकारले गेले होते, त्याने पुस्तकातून आलेले नाव स्वीकारले आणि त्याच नावाने १८४५ साली आत्मचरित्र लिहिले. ग्रंथालयाच्या कपाटात इंग्रजी पुस्तकांच्या पाठीवर जी नावे ओळीने उभी असतात, त्यांत लोहार, विणकर, वाकड्या नाकाचे आणि गोठ्यापाशी राहणारे असे सारे सामान्यजन आहेत. इतिहासाने ज्यांची चरित्रे लिहिली नाहीत, त्यांची ही एका शब्दाची चरित्रे होत. पुस्तक उघडण्यापूर्वी त्यांतील एखादे सावकाश वाचावे, एवढीच या प्रसंगी सर्व वाचकांना विनंती.