सासूबाईंची चिठ्ठी
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. घरात घडले तेच सांगते.

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. त्यांना मधुमेह आहे. मागच्या पावसाळ्यात मला दोन दिवस माहेरी जावे लागले. जाताना मी चिठ्ठी लिहून ठेवली : 'मधुमेहाची गोळी १-०-०, उपाशीपोटी घेऊन राहू नये.' दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. सासूबाईंनी 'उपाशीपोटी' एवढे वाचले, गोळी घेतली आणि फराळ दुपारवर ठेवला. अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. शेजारच्या वहिनींनी लगेच साखरपाणी पाजले म्हणून निभावले.

मी परत आले ती रागातच. "लिहून ठेवले होते ना?" त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, लिहिलेस तेच केले." मग मी चिठ्ठी पाहिली. बारीक अक्षर, फिकट निळी शाई, एकाच ओळीत तीन औषधे. चूक माझी होती.

डॉक्टरांना विचारून मी नवी चिठ्ठी केली. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळे, ठसठशीत अक्षर. एका ओळीत एकच गोष्ट, आणि ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने :

१. नाश्ता वाढून घ्या.
२. पहिला घास खाऊन १ गोळी घ्या.
३. नाश्ता पूर्ण संपवा.
४. उपास असेल तर गोळीचे डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा.

'नये', 'नको' हे शब्द काढले. १-०-० ऐवजी 'सकाळी १' लिहिले. गोळीचा रंग मात्र लिहिला नाही. कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो.

आणखी एक. "समजले का?" असे विचारू नये. सगळीच वडीलधारी माणसे "हो" म्हणतात. "उद्या सकाळी काय काय करणार, मला सांगा बरं," असे विचारावे. त्या जिथे अडखळतील तिथे कागद दुरुस्त करावा. त्यांना बोलू नये. पहिल्या दिवशी सासूबाई तिसऱ्या ओळीला अडल्या. मी 'संपूर्ण सेवन करा' असे लिहिले होते. ते खोडून 'पूर्ण संपवा' केले.

भगिनींनो, आपले डोळेही एक दिवस अधू होणारच आहेत. त्या वेळी आपल्या हाती अशी चिठ्ठी यावी असे वाटत असेल, तर आज आपण तशी लिहायला शिकू या.

चुकले असेल तर क्षमा करा.