झिलईवर नाव कोणाचे?

श्रोतेहो, घरातली लोणच्याची चिनी मातीची बरणी पालथी करून पाहिलीत, तर बुडाशी कारखान्याचा शिक्का दिसेल, नाहीतर काहीच दिसणार नाही. जिच्यामुळे ती बरणी तेल-मीठ सोसून वर्षानुवर्षे टिकते, ती चकाकी, म्हणजे झिलई, कोणी चढवली याचा पत्ता तिथे नसतो. असे कारागीर लक्षात राहतात तरी कसे, याविषयी आज थोडे बोलू या.

झिलई म्हणजे मातीवर वितळवून बसवलेली काच. गारगोटीची पूड हा तिचा मुख्य भाग. ती भट्टीच्या आचेला वितळावी म्हणून तिच्यात खार, राख किंवा शिसे घालतात आणि वितळल्यावर ओघळून जाऊ नये म्हणून थोडी माती. रंग येतो तो धातूंमुळे. एकच तांबे, पण खाराच्या झिलईत ते आकाशी निळे दिसते, शिशाच्या झिलईत हिरवे आणि भट्टीतली हवा कमी केली तर लालसुद्धा! प्रमाण जरा चुकले, की सगळी मेहनत वाया. म्हणून झिलईची कृती ही घराण्याची ठेव असे. ती मुलाला सांगायची, बाहेर नाही. मुलगा दुसऱ्या धंद्याला लागला, की कृतीही संपली आणि नावही.

दिल्लीत हुमायूनच्या कबरीजवळ निळ्या फरशांचा एक जुना घुमट आहे. लोक त्याला नीला गुंबद म्हणतात. तशी निळाई जाणणारे अब्दुल्ला नावाचे एक पठाण कुंभार विसाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीत काम करत होते. गुरचरण सिंग हे भूगर्भशास्त्र शिकलेले तरुण तिथे आले आणि त्यांनी अब्दुल्लांकडून हे काम शिकून घेतले. १९१९ मध्ये गुरचरण सिंग जपानला गेले. तिथे त्यांचा बर्नार्ड लीच, शोजी हामादा अशा कुंभारांशी परिचय झाला. पुढे १९५२ मध्ये त्यांनी दिल्लीत स्वतःचा कारखाना काढला. त्याच्या नावातच निळाई होती : 'दिल्ली ब्लू'. १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अब्दुल्लांच्या वाट्याला ना पदवी आली, ना भांड्यावर सही. तरीही गुरचरण सिंग यांची हकिकत सांगताना अब्दुल्लांचे नाव आजही घ्यावे लागते. घराबाहेरच्या एका मुलाला त्यांनी विद्या दिली, म्हणून ते उरले.

जपानच्या हामादांची गोष्ट वेगळी. माशिको गावात राहून ते भांडी करत आणि त्यांवर सही करत नसत. कारागिराने अनामिक असावे, असे मानणाऱ्यांपैकी ते होते. पण त्यांची भांडी ज्या लाकडी पेट्यांतून जात, त्या पेट्यांवर त्यांची सही असे! नाव नको म्हणणेसुद्धा ज्याला नाव आहे त्यालाच परवडते. सामान्य कुंभाराला कोणी सही विचारलीच नव्हती.

आपल्या निर्मला पटवर्धन यांनी तिसरी वाट धरली. शांतिनिकेतनात शिकून त्यांनी युरोपात जाऊन काम केले, इंग्लंडमध्ये लीच यांच्याकडेही राहिल्या. झिलईचे असंख्य प्रयोग केले. आणि ते कुलपात न ठेवता १९८४ मध्ये 'हँडबुक फॉर पॉटर्स' या पुस्तकातून कृती सर्वांपुढे मांडल्या. न भेटलेल्या कुंभारांनाही त्यामुळे त्यांच्याकडून शिकता आले.

भांडे आज ना उद्या फुटते, बुडाची सही त्याच्याबरोबर जाते. कृती मात्र दुसऱ्याच्या हातात गेली तर टिकते. पण देणाऱ्याचे नाव टिकवणे हे घेणाऱ्याच्या हाती असते. तेव्हा पुढच्या खेपेला प्रदर्शनात एखादे भांडे आवडले, तर किमतीबरोबर एवढेही विचारा : ही झिलई तुम्ही कोणाकडून शिकलात?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)