शेताची रेघ पुसली तर परत ओढता येणार नाही

(राजपुरा, बऱ्हाणपूर येथे मराठी भाषिक शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गोव्याहून आलो. तुमच्याकडे तापी आणि केळीचे मळे, आमच्याकडे मांडवी-जुवारी, भात आणि मासळी. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा तुम्ही मध्य प्रदेशात राहिलात. 16 जानेवारी 1967 च्या कौलात आमचे विलीनीकरण हुकले, आणि 30 मे 1987 रोजी गोवा घटक राज्य झाले. राज्यांच्या रेघांविषयी आपण आजवर भांडलो, पुढेही मत मांडू. पण शेत आणि प्लॉट यांच्यामधली रेघ एकदा पुसली की कोणतीही विधानसभा ती परत ओढू शकत नाही. आज तिच्याविषयीच बोलायचे आहे.

तुमचा कुंडी भंडारा पाहा. लोक त्याला खूनी भंडाराही म्हणतात. 1615 च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान सुभेदार असताना, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारांत धरून, शंभरावर कुंड्या खोदून शहरात आणले. पंप नाही, इंजिन नाही, नुसता उतार. 2024 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचे नाव गेले. आनंद आहे! पण पाणी यादीतून येत नाही. ते डोंगर आणि शहर यांच्या मधल्या मोकळ्या जमिनीत मुरते तेव्हा येते. त्या जमिनीवर सिमेंट ओतले, जागोजाग बोअर मारले, तर भुयार सांभाळून काय उपयोग? गाय विकायची आणि चरवी जपायची, असला हा प्रकार!

आता आमचे ऐका. गोव्यात सुमारे 18,000 हेक्टर खाजन जमीन आहे. पोर्तुगीज येण्याआधी गावकऱ्यांनी खाडीला बांध घालून ती मिळवली. बांधात मानस, म्हणजे लाकडी दारे. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार मिटते, ओहोटीला उघडते. पावसाळ्यात आत भात पिकतो, आणि मानशीवर जाळे लावून मासळी मिळते. एकाच जमिनीवर शेतकऱ्याची आणि मासे पकडणाऱ्याची चूल पेटते. पण बांध फुटला की खारे पाणी शेतात आणि विहिरीत शिरते. कोणी आपल्या तुकड्यात मातीची भर घातली की पुराचे पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते.

कायदे नाहीत असे नाही. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला मालकीची वाट दिली. 1991 च्या कायद्याने कुळाकडे आलेली जमीन शेतीखेरीज वापरण्यास मनाई केली. 2011 च्या किनारा अधिसूचनेने खाजनात बांधकाम नको असे सांगितले. 2023 साली शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंधन आले. तरी रात्री मातीचे ट्रक येतातच! ज्या जमिनीसाठी बहुजन समाज भाटकारापुढे ताठ उभा राहिला, तीच दलालापुढे वाकून द्यायची?

शेतकरी विकतो तो हौसेने नव्हे. मुलीचे लग्न, आजारपण, पडलेला भाव त्याला विकायला लावतात. म्हणून नुसती बंदी पुरत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या सफोक परगण्याने 1974 साली एक योजना हाती घेतली: जमीन शेतकऱ्याचीच, नांगर त्याचाच, फक्त बांधकामाचा हक्क सरकार पैसे देऊन कायमचा विकत घेते. शेतकऱ्याच्या हाती रक्कम येते आणि शेत शेतच राहते. आपल्याकडे हे का होऊ नये?

म्हणून मागण्या चार. एक, भंडाऱ्याच्या पाण्याची जमीन आणि खाजन यांचे सर्व्हे नंबरनिहाय नकाशे गावात लावा. दोन, ती जमीन कायमची मोकळी शेतजमीन म्हणून जाहीर करा. तीन, बांध, मानस आणि कुंड्यांच्या डागडुजीसाठी दरसाल पैसा ठेवा. चार, बांधकामाचा हक्क सोडणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला द्या.

आणि एक काम आपले. शेजारच्या शेतात पहिला ट्रक माती टाकायला आला, की त्याच दिवशी गाव गोळा करा आणि लेखी तक्रार द्या. दहावा ट्रक आल्यावर उशीर झालेला असतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!