दाखला जपून ठेवा

आज एक खरी घडलेली गोष्ट सांगते.

१९९४ साली पुण्यात पाच बायका आणि दोन लेकरांचे खून झाले. गुन्हा भयंकरच. आरोपींत राजस्थानचा एक पोरगा होता. कागदोपत्री नाव लागलं नारायण, आणि खटला चालला मोठ्या माणसासारखा. १९९८ साली फाशीची शिक्षा झाली. गावच्या शाळेत मात्र नोंद होती निरानाराम, जन्म १९८२. म्हणजे घटनेवेळी वय साडेबारा! सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं आणि २७ मार्च २०२३ ला त्याला सोडायला सांगितलं. तोवर २८ वर्षं तुरुंगात गेली होती. फाशीची भीती उशाला घेऊन, भलत्याच नावाला ओ देत पोर मोठं झालं.

बायांनो, आपल्या देवळालीत कुणाचं पोर पोलिसांनी नेलं तर लाजून घरात बसू नका. अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. वयाचा पहिला पुरावा शाळेचा. तो नसेल तर नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, तिथे वकील फुकट मिळतो.

दाखला रेशनकार्डाशेजारी ठेवा. आणि पोराला भेटायला गेलात, तर त्याला घरच्या नावानेच हाक मारा.