तळाशी बसलेला मासा

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुम्ही माशांवर काम करता ना? मग वीस मिनिटं बोला. पण उत्सवाचे दिवस आहेत, पाककृती नको!" म्हणून आधीच सांगते, माझा मासा खाण्याचा नाही. लांबी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर, अंगावर निळसर पट्टे, नाव झेब्रा मासा. मुलांच्या काचेच्या पेटीत तुम्ही तो पाहिला असेल. मूळचा आपल्याच देशातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर १८२२ साली पुस्तक लिहिले, त्यात त्याची पहिली शास्त्रीय नोंद आहे. पुढे अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याच्यावर काम सुरू केले, १९८१ साली त्यांचा निबंध गाजला आणि मग हा मासा जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. म्हणजे हाही आपल्यासारखाच, गाव सोडून नाव काढलेला!

आता तुम्ही म्हणाल, माशाचा आणि मनावरच्या ताणाचा संबंध काय? २०१३ साली या माशाचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोडीदार सापडतो. ताण आला की आपल्या रक्तात जे कॉर्टिसॉल वाढते, तेच त्याच्याही शरीरात वाढते. उंदरात मात्र मुख्यत्वे वेगळे संप्रेरक असते. तेव्हा या एका बाबतीत मासा आपल्याला उंदरापेक्षा जवळचा.

आमची चाचणी अगदी साधी आहे. मासा अनोळखी टाकीत सोडायचा आणि साधारण सहा मिनिटे कॅमेऱ्याने टिपायचे. नव्या जागी तो आधी तळाशी जातो. काही वेळ एका जागी थिजतो, मध्येच सैरावैरा पळतो. मग हळूहळू धीर करून वर येतो. वर यायला किती वेळ लागला, वरच्या भागात किती वेळ राहिला, किती वेळ थिजला, हे आम्ही मोजतो. एडवर्ड लेव्हिन यांच्या गटाने २००७ साली दाखवले की निकोटिन दिलेले मासे तळाशी कमी राहतात. पुढे चिंतेवरच्या काही औषधांनीही तसेच होते असे दिसले. उलट जास्त कॅफीन दिले की मासे तळ सोडत नाहीत. दिवसाला सहा फिल्टर कॉफी घेणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आता एक फजितीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका औषधाची चाचणी चालू होती. औषध दिलेले मासे तळाशी बसून राहिले. औषध निकामी, असे मी वहीत लिहूनही टाकले. मग माझ्या सहकाऱ्याने दुसऱ्या गटाकडे बोट दाखवले. ज्यांना काहीच दिले नव्हते ते मासेही तळाशीच! शेजारच्या मजल्यावर भिंतीला ड्रिल मारणे चालू होते. आमच्या कानांना ते सवयीचे झाले होते, पण पाण्यातून ती थरथर माशांना जाणवत होती. आठवड्याचे काम वाया गेले. पण एक धडा मिळाला: मासा तळाशी दिसला की आधी माशाला दोष देऊ नये, पाण्यात काय चालले आहे ते पाहावे.

हा धडा प्रयोगशाळेत शिकले, पण घरी विसरले. बाबा गेल्यावर आम्ही सांगलीचे घर बंद केले आणि आईला इथे, सर्जापूर रोडला नवव्या मजल्यावर आणले. आई दिवसभर आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसायची. बेल वाजली की दचकायची. लिफ्टने एकटी खाली जायची नाही. मी फोनवर भावाला सांगत असे, "आई ॲडजस्टच होत नाही रे." दिवसभर सहा-सहा मिनिटे माशांची दखल घेणारी मी, आईच्या बाबतीत सरळ वहीत शेरा मारून मोकळी झाले होते!

"आता कसला ताण? सगळं तर झालं ना मनासारखं," असे आपण सहज म्हणतो. आपल्याच शहरात, एनसीबीएस संस्थेत, सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांवर याबाबत महत्त्वाचे काम केले. २००२ साली त्यांनी दाखवले की दीर्घ ताणाने मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागातले चेतापेशींचे फाटे आखडतात, पण भीतीशी निगडित भागातले वाढतात. २००४ साली दिसले की २१ दिवस विश्रांती दिल्यावर पहिला भाग सावरतो, दुसरा मात्र तसाच राहतो. ताण संपला म्हणजे शरीर तो विसरले असे नाही.

मग उपाय काय? झेब्रा मासा थव्याने राहतो. पोर्तुगालमधल्या रुई ऑलिव्हेरा यांच्या गटाने २०१७ साली दाखवले की धोक्याचा वास आलेल्या माशाला आपल्या जातीचे मासे नुसते दिसले तरी त्याची भीती कमी होते. पण २०२३ साली त्याच गटाने दुसरी बाजूही मांडली: घाबरलेला मासा पाहून दुसराही घाबरतो, आणि त्यासाठी ऑक्सिटोसिन हे संप्रेरक लागते. सोबत धीर देते तशी भीतीही पसरवते. कंपनीत कुणाची नोकरी गेल्याची बातमी आली की आपल्या ग्रुपवर काय होते, ते आठवा.

आईला मी रोज संध्याकाळी कैकोंद्रहळ्ळी तलावावर नेऊ लागले. तिथल्या बाकावर धारवाडच्या एक आजी बसत. आईला कन्नड येत नव्हते, त्यांचे मराठी मोडके. पहिले काही दिवस दोघी नुसत्या शेजारी बसल्या. मग कधीतरी लोणच्याच्या मसाल्यावरून वाद झाला आणि गाडी रुळावर आली! मधल्या काळात डॉक्टरांनाही दाखवले, औषध चालू झाले. आई आता एकटी लिफ्टने जाते. यात बाकाचा वाटा किती, औषधाचा किती आणि काळाचा किती, ते मी सांगू शकत नाही. घरात तुलनेला दुसरी आई नव्हती.

मासा म्हणजे माणूस नव्हे, हेही स्पष्ट सांगते. माशाला काय वाटते ते आम्हाला कळत नाही, तो काय करतो तेवढेच आम्ही मोजतो. पण आपल्या माणसाला विचारता येते. तेव्हा आपल्या इमारतीत कुणी नवा आला असेल, कुणाचे आईवडील गावाहून आले असतील, कुणी ऑफिसातून येऊन खोलीचे दार लावून बसत असेल, तर शेरा मारण्याआधी विचारा. आठवडेच्या आठवडे तसेच चालले तर डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आजच लिहून ठेवा.

आणि उद्या संध्याकाळी तलावावर या. दोन्ही आज्या तिथेच असतात, बाकावर जागा आहे.